कोरेवाडीच्या दोन बादल्या

समस्त जगाला, आणि विशेषतः वुडलँड्सपासून बेडोकपर्यंत पसरलेल्या मराठी बंधुभगिनींना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की सिंगापुरातल्या आमच्या माजी विद्यार्थी खो-खो लीगची फेररचना झाली आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. एमआरटीच्या गाड्या नेहमीप्रमाणे धावतील, खाण्यापिण्याची हॉकर सेंटरं उघडी राहतील, आणि शाळा सुटल्यापासून ज्यांनी खो-खो पाहिलेला नाही त्यांच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.

हसलात ना? हसा. मीही हसलो होतो. पण या फेररचनेत एका माणसाचं आख्खं कॉलेज पणाला लागलं होतं, आणि मला त्या माणसाबद्दल सांगायचं आहे.

सुधाकर कांबळे. आम्ही त्यांना कांबळे सर म्हणायचो. त्यांनी आयुष्यात कुठल्याही वर्गाला शिकवलं नव्हतं. ते एका शिपयार्डात वेल्डिंग इन्स्पेक्टर होते. पण रविवारी त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची, आणि ज्याच्या गळ्यात शिट्टी त्याला मराठी माणूस आपोआप सर म्हणतो.

आमची लीग म्हणजे दर रविवारी सकाळी वुडलँड्सच्या एका मैदानावर जमणारे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, पन्नाशीकडे झुकलेले (काही तर झुकून पडलेले) स्त्री-पुरुष. प्रत्येक संघ आपापल्या जुन्या कॉलेजच्या नावाने खेळायचा. मराठी माणूस इथे वीस वर्षं राहतो, नागरिक होतो, कॉन्डो घेतो, मुलांच्या तोंडून वाक्याच्या शेवटी दिवसाला शंभर वेळा इथलं 'लाह' ऐकतो, पण कॉलेजचा माज सोडत नाही. पुण्याचं एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं. त्याचं नाव घेतलं की तिथली माणसं बसल्या जागी दोन इंच उंच व्हायची. मुंबईची दोन होती. सांगलीचं होतं, नागपूरचं होतं. आणि होतं कोरेवाडी.

कोरेवाडी नावाप्रमाणेच नकाशावर कोरी. बार्शीहून एसटीने दीड तास, असं सर सांगायचे, आणि मग प्रामाणिकपणे जोडायचे, "एसटी आली तर." तिथल्या कॉलेजचे सिंगापुरातले एकूण माजी विद्यार्थी होते एक. ते एक म्हणजे सर. खो-खोला लागतात नऊ. सर स्वतः शिट्टी वाजवणार, म्हणून नऊच्या नऊ त्यांनी बाहेरून गोळा केले. ज्यांच्या कॉलेजचे नऊ जण भरत नव्हते असे पोरके जीव. परभणीचे दोघे भाऊ, जळगावची एक दंतवैद्य, हौगांगला माझ्या वरच्या मजल्यावर राहणारा सेल्वम नावाचा तमिळ अकाउंटंट, ज्याला मराठीत दोनच शब्द येत: 'खो' आणि 'कोरेवाडी'. नवा खेळाडू आला की सर त्याला बाजूला घेऊन दहा मिनिटं कॉलेजचा इतिहास सांगत. पत्र्याची शेड, बाभळीखालचा वर्ग, प्राचार्यांची सायकल, आणि मैदान. मैदानाला पाच मिनिटं. मग म्हणत, "झालं. आता तू कोरेवाडीचा."

मैदानात खांब रोवायला परवानगी नव्हती. त्यावर सरांनी दोन मोठ्या बादल्यांत सिमेंट ओतून त्यात पाइप उभे केले. दोन्ही बादल्यांवर पांढऱ्या रंगात, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात, 'कोरेवाडी कॉलेज'. त्या बादल्या ते चाकाच्या ढकलगाडीवरून घरून मैदानापर्यंत आणत. एकदा रस्त्यात एका पोलिसाने अडवलं. हे काय आहे म्हणून विचारलं. सरांनी तिथेच फुटपाथवर त्याला खो-खो समजावला. सामना वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. आम्ही ओरडलो तर म्हणाले, "अहो, तो शंका विचारत होता. अर्धवट सोडून कसं यायचं?"

पण सरांची खरी ख्याती शिट्टीची. ज्यांनी खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका संघाचे आठ जण रांगेत उकिडवे बसतात, नववा पळतीवरच्या गड्याचा पाठलाग करतो. दमला, अडला, की बसलेल्या एखाद्याच्या मागे जाऊन त्याच्या पाठीला हात लावतो आणि मोठ्याने 'खो' म्हणतो. मग तो उठून धावतो आणि हा त्याच्या जागी बसतो. हात आणि आवाज, दोन्ही हवेत. आता पन्नाशीच्या माणसाच्या जिवाची एवढी धांदल उडते, की आवाज आधी निघतो आणि हात कुठेतरी हवेत राहतो. इतर पंच काणाडोळा करायचे. कांबळे सर कधीच नाही. शिट्टी. "फाउल. हात लागला नाही."

"अहो सर, दोन बोटांचं अंतर होतं!"

"दोन बोटं म्हणजे अंतरच की."

मैदानाच्या कडेला बाकावर एक चिनी म्हातारेबुवा बसायचे. अंकल लिम. प्लॅस्टिकच्या पिशवीत कॉफी, त्यात स्ट्रॉ, आणि दर रविवारी आमचं हे धापा टाकणं. पहिल्या वर्षी एकदा त्यांनी सरांना हाक मारून विचारलं, "बॉस, व्हाय यू व्हिसल?"

सर खेळ थांबवून बाकापाशी गेले. (शंका आली ना!) "नो टच, अंकल. नो टच, नो खो."

"ओऽ," लिम म्हणाले. कॉफीचा एक घोट घेतला. "मस्ट टच."

"मस्ट टच."

तेव्हापासून लिम स्वतःला सहायक पंच समजू लागले.

आता मिलिंद परांजपेकडे येतो. लीगचा अध्यक्ष, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पुण्याच्या त्या दोन इंची कॉलेजचा. माणूस वाईट नाही हो. मैदानाचं बुकिंग, जर्सी, केळी, बर्फ, सगळं तोच बघायचा. फक्त त्याला घाई फार. एका उपांत्य सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, समोर कोरेवाडीचा शेवटचा गडी उरला असताना, परांजपेने वाऱ्यावर खो दिला. शिट्टी. सामना गेला. कोरेवाडी अंतिम फेरीत. परांजपे लालबुंद होऊन म्हणाला, "सर, तुम्ही स्वतःच्या संघाला पंच कसे?" हा प्रश्न रास्त होता. सर म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि त्या दिवसापासून कोरेवाडीच्या सामन्यात शिट्टी माझ्या गळ्यात आली. मी पंच म्हणून कसा होतो ते शेवटी कळेल. फार वाट पाहण्यासारखं नाही.

तर हा परांजपे शिकायला दोन वर्षं अमेरिकेत होता. तिथे म्हणे कॉलेजांच्या खेळांचे मोठमोठे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. ते गट फुटतात, जुळतात, या समुद्राकाठचं कॉलेज त्या समुद्राकाठच्या गटात जाऊन बसतं, शंभर वर्षांची वैरं एका सहीने संपतात, आणि लोक ढसाढसा रडतात. परांजपे हे सगळं रोज वाचायचा. आमच्या लीगमध्ये यायला सहा नवी कॉलेजं दाराशी उभी राहिली, तेव्हा त्याला आपल्या जीवनाचं ध्येय सापडलं. त्याने ग्रुपवर मराठीत सूचना पाठवली: "लीगच्या विस्तारानिमित्त पूर्व परिषद आणि पश्चिम परिषद स्थापन होत असून, रविवारी दहा वाजता सभा आहे."

'कॉन्फरन्स'चं 'परिषद' फोनने करून दिलं होतं. परांजपे खूश होता. परिणाम असा झाला की रविवारी दहा वाजता कम्युनिटी क्लबच्या खोलीत आम्ही चड्ड्या आणि टी-शर्टमध्ये बसलेलो असताना दार उघडून बेडोकचे गोखलेकाका आत आले. जोधपुरी कोट, हातात शाल, श्रीफळ आणि सात पानी भाषण. बेडोक पूर्वेला, तेव्हा पूर्व परिषदेचं अध्यक्षपद आपल्याकडेच येणार असं त्यांनी धरलं होतं. विषय त्यांनी स्वतःच ठरवला होता: 'परदेशस्थ मराठीची पुढील दिशा'.

कोणी हसलं नाही. म्हणजे मी हसलो, पण खोकला काढून. परांजपे म्हणाला, "काका, थोडा घोटाळा झालाय..." तोवर कांबळे सर उठले होते. त्यांनी काकांना पुढची खुर्ची दिली, म्हणाले, "बोला काका, आम्ही ऐकतोय," आणि सातही पानं एका जागी बसून ऐकली. मग टाळ्या वाजवल्या, एकट्यांनी, मग आम्ही सगळ्यांनी. काकांनी शाल परांजपेच्या खांद्यावर टाकली, कारण कोणाच्या तरी खांद्यावर टाकणं भाग होतं. पुढची सगळी सभा परांजपेने शाल पांघरून चालवली. सरांनी जाता जाता काकांना गुणलेखक करून टाकलं. आजही गोखलेकाका जोधपुरी घालूनच गुण लिहितात.

पण त्या सभेतली पुढची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. परांजपेने भिंतीवर तक्ता दाखवला. डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम, मोठमोठ्या कॉलेजांची नावं. आणि खाली एक छोटी चौकट: 'उर्वरित'. ज्या कॉलेजचे स्वतःचे नऊ माजी विद्यार्थी नाहीत, ती सगळी त्या चौकटीत एकत्र करून एक संघ. चौकटीत कुठल्याच कॉलेजचं नाव नव्हतं.

सर चष्मा लावून तक्त्याजवळ गेले. जहाजाचा सांधा तपासताना जसं बोट फिरवायचे तसं त्यांनी त्या शब्दावरून बोट फिरवलं.

"उर्वरित म्हणजे कोण रे मिलिंद? पंगत उठल्यावर पातेल्यात राहतं ते?"

"सर, पर्सनली घेऊ नका. सरकारी शब्द आहे. स्ट्रक्चर बघा ना."

"स्ट्रक्चरच बघतोय. चाळीस वर्षं तेच केलं." सर वळले. "दोन पत्रे जोडायचे तर दोन्ही वितळावे लागतात. एकच वितळला, तर तो सांधा नाही. तो नुसता लेप. वरून छान दिसतो, समुद्रात गेला की सुटतो. मोठ्या कॉलेजांचं यात काय वितळलं?"

परांजपेला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की माणूस खरं बोलतो. तो म्हणाला, "सर, तुम्ही पुढच्या महिन्यात रिटायर होऊन गावी चाललात. तुम्ही गेल्यावर इथे कोरेवाडीचा एकही माणूस नसणार. मग नाव कशासाठी?"

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मतदान झालं. फेररचना मंजूर झाली. माझा हात कुठे होता असं विचारू नका. मी तेव्हा बुटाची नाडी बांधत होतो.

सभेनंतर आम्ही दोघं शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये चहाला बसलो. सरांनी नेहमीप्रमाणे चहा बशीत ओतायचा विचार केला, बशी नाही हे पाहून सोडून दिला.

"कॉलेज बंद पडलं, माहितीये ना तुम्हाला?" ते म्हणाले. "पोरं कमी झाली. तालुक्याच्या कॉलेजात विलीन केलं. बोर्ड उतरवला. शेडमध्ये आता खताची पोती असतात. कोरेवाडी कॉलेज हे नाव आता दोनच ठिकाणी आहे, कुलकर्णी. माझ्या डिग्रीवर आणि आपल्या गुणतक्त्यावर."

मी म्हटलं, "बादल्यांवरही."

"बादल्यांवरही," ते हसले. मग म्हणाले, "तुम्ही कधी लांबून दिलेला खो घेतलाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मागे येऊन उभं राहायचं. हातभर अंतर ठेवून. आणि ओरडायचं, खो."

"का पण? घाईत?"

"छे. ती पोरं निवांत असायची."

मला कळायला चहाचा एक पूर्ण घोट लागला. कांबळे आडनावाच्या मुलाच्या पाठीला हात लावायचा नाही, म्हणून. मला घोट लागला. त्यांना कधीच लागला नसणार.

"शाळेत सगळी वर्षं तसाच," ते सांगत होते, अगदी सहज, जशी कोणी एसटीची वेळ सांगावी. "मीही उठायचो. खेळायचं होतं ना. मग कॉलेजात आलो. पहिलाच आठवडा. माने सर म्हणून खेळाचे शिक्षक होते. माझ्या मागून आवाज आला, खो. मी उठलो. शिट्टी. 'फाउल. हात लागला नाही.' पुन्हा खो, पुन्हा शिट्टी. माने सरांचं भाषण नाही, उपदेश नाही. नियम आहे, बस्स. नऊ वेळा वाजवली. आमचा संघ हरायला आला, पोरं चिडली. आणि दहाव्या वेळी मागून हात आला. असा जोरात, रागाने. पाची बोटं उमटली असतील."

"लागलं?" मी विचारलं.

"लागला ना," सर म्हणाले, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. "पहिल्यांदाच लागला. तेव्हापासून कधी हात आला नाही असं झालं नाही. पुढे तोच पोरगा माझ्या लग्नात वाढायला होता. मी कोरेवाडी कॉलेज म्हणतो ते त्या हाताला म्हणतो, कुलकर्णी. इमारतीला नाही."

माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे बायकोपासून बॉसपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. ही टिकली. सर जाईपर्यंत मी कोणाला सांगितली नाही. परांजपेलाही नाही.

आता शेवट आधीच सांगून टाकतो, कारण मला संपवायचंय दुसऱ्याच जागी. सर सिंगापूर सोडून गेले. कोरेवाडीला शाळेतल्या मुलांना खो-खो शिकवतात. मधूनच फोटो पाठवतात, त्यात उकिडवी बसलेली पोरं असतात आणि कडेला शिट्टीची दोरी. लीगची फेररचना झाली, पूर्व आणि पश्चिम झाल्या, सहा नवी कॉलेजं आली. पण 'उर्वरित' ही चौकट तक्त्यावर नाही. सरांच्या निरोपाच्या सामन्यानंतर परांजपे आणि सर त्या दोन बादल्या जवळ ओढून, त्यांच्या काठांवर टेकून, बराच वेळ बोलत बसले होते. काय बोलले ते मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी कान दिला नाही. दुसऱ्या दिवशी परांजपेने सुधारित तक्ता पाठवला. पूर्व परिषद, पाचवं नाव: कोरेवाडी कॉलेज. एकही माजी विद्यार्थी नसलेला हा लीगमधला एकमेव संघ आहे, कर्णधार सेल्वम. नव्या खेळाडूला तो इंग्रजीत दहा मिनिटं इतिहास सांगतो. बाभळीचं झाड त्याने कधी पाहिलेलं नाही, पण ते नेमकं कुठे होतं हे त्याला पाठ आहे. बादल्या शनिवारपर्यंत माझ्या घरी असतात. बायको त्यांच्याकडे कढीपत्ता लावायच्या नजरेने बघते. आत सिमेंट आहे म्हणून मी बचावलो आहे.

तर तो निरोपाचा सामना. त्या दिवशी कॉलेजं बाजूला ठेवून चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि चिठ्ठीने कांबळे सर आणि परांजपे एकाच संघात आले. सर कित्येक वर्षांनी स्वतः रांगेत बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले, दोन्ही तळवे जमिनीवर, मान सरळ, कॉलेजातल्या पोरासारखे. त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात. शेवटचं मिनिट. पळतीवर जळगावची दंतवैद्य, साऱ्या लीगमध्ये सर्वांत चपळ. परांजपे तिच्या मागे, फुफ्फुसं हातात घेऊन. ती वळली, तो सरांच्या पाठीमागे पोचला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "खोऽऽ!"

सर उठले नाहीत.

दंतवैद्य त्यांच्या समोरून, अगदी हाताच्या अंतरावरून गेली. सगळं मैदान ओरडायला लागलं, "उठा सर! उठा ना!" गोखलेकाका पेन्सिल उगारून उभे राहिले. परांजपे धापा टाकत म्हणाला, "सर, काय झालं? गुडघा का?" मी शिट्टी तोंडात धरून बघत राहिलो. हात लागला की नाही, मला दिसलंच नव्हतं. मला ते कधीच दिसत नाही.

सर तसेच बसलेले. तळवे जमिनीवर, मान सरळ, पाठ वाट बघणारी. हळूहळू ओरडणं थांबलं. कोणालाच काही कळेना, आणि त्या शांततेत कडेच्या बाकावरून अंकल लिम कॉफीची पिशवी हातात घेऊन ताडकन उभे राहिले आणि परांजपेवर ओरडले, "अय्या, बॉस! मस्ट टच, लाह!"